रिकीब नसलेला घोडा आणि अप्पांचा सातबारा

चेन्नईत राहायला येऊन आम्हाला बारा वर्षं झाली. अण्णा सलाईवरून जाता-येता कूवम नदीच्या दोन पुलांच्या मध्ये, आयलंड ग्राउंडजवळ, उंच चौथऱ्यावर घोड्यावर बसलेला एक गोरा साहेब दिसतो. बारा वर्षांत मी त्याच्याकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. सिग्नल सुटायच्या आत डबा, दप्तर, ऑफिस असं सगळं डोक्यात असतं. साहेबाकडे कोण बघतंय!

यंदा जूनमध्ये माझे वडील, अप्पा, सोलापूरहून आमच्याकडे आले. वय ७६. तलाठी म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांना समुद्रावर घेऊन निघाले होते, तेवढ्यात सिग्नलला रिक्षा थांबली. अप्पांनी बाहेर पाहिलं आणि म्हणाले, "अगं, याच्या घोड्याला रिकीब कुठंय? खोगीरही नाही. हा पडत कसा नाही?"

माझ्या बारा वर्षांच्या मुलाला शाळेत ऐकलेली गोष्ट ठाऊक होती. "आजोबा, शिल्पकार रिकीब करायला विसरला आणि मग त्यानं जीव दिला!" ही गोष्ट चेन्नईत सगळे सांगतात, पण ती खरी नाही. शिल्पकार होता लंडनचा फ्रान्सिस चँट्री. त्यानं चौथ्या जॉर्ज राजाचा पुतळा केला, त्यातही रिकीब नाही. तो लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात आहे. विसरभोळेपणा नव्हे, ती त्याची पद्धतच होती. चेन्नईचा हा पुतळा जहाजानं इथं आला आणि १८३९ मध्ये उभा राहिला.

"पण साहेब कोण?" अप्पांनी विचारलं.

"सर थॉमस मन्रो. मद्रासचा गव्हर्नर."

अप्पा सरळ बसले. "मन्रो? रयतवारीचा मन्रो? अगं, खात्याच्या परीक्षेला पाठ केलंय मी हे नाव. तो असा दिसायचा होय!"

समुद्र राहिला बाजूला. त्या संध्याकाळी घरी मन्रोशिवाय दुसरा विषय नव्हता. अप्पांचं परतीचं तिकीट जुलैच्या पहिल्या आठवड्याचं होतं. मी म्हटलं, नाहीतरी गाडी गुत्तीवरूनच जाते. मी आणि मुलगा तुमच्यासोबत येतो, वाटेत उतरत उतरत जाऊ. चेन्नई ते सोलापूर हा रेल्वेचा रस्ता म्हणजे मन्रोच्या आयुष्याचाच रस्ता आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं.

अठराव्या वर्षी मद्रासला

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही सेंट जॉर्ज किल्ल्यात गेलो. किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डोंगर येतो. हा मात्र समुद्राकाठचा सपाटीवरचा किल्ला. आत आता तामिळनाडूची विधानसभा आणि सचिवालय आहे, त्यामुळे दारावर ओळखपत्र पाहतात. याच आवारात सेंट मेरी चर्च आहे, १६८० सालचं. रॉबर्ट क्लाइव्हचं लग्न इथंच झालं. मन्रोचं दफनही इथंच आहे. पण त्याची ही दुसरी जागा. पहिली जागा तीन-चारशे किलोमीटर लांब, आणि आम्ही तिकडेच निघालो होतो.

मन्रोचा जन्म १७६१ चा, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा. वडील तंबाखूचे व्यापारी. अमेरिकेतल्या स्वातंत्र्ययुद्धात तो व्यापार बुडाला, घर कर्जात गेलं आणि मुलाला नोकरीसाठी हिंदुस्थानात यावं लागलं. १७८० च्या जानेवारीत तो मद्रासला उतरला तेव्हा वय होतं अठरा. पद अगदी तळाचं, पायदळातल्या कॅडेटचं. लहानपणी गोवर झाला होता, त्यानं ऐकू कमी यायचं. त्याच वर्षी हैदर अलीशी युद्ध पेटलं. पुढं बहिणीला लिहिलेल्या पत्रात त्यानं आपल्या सुरुवातीच्या दिवसांची थट्टा केली आहे. उशी म्हणून पुस्तक नाहीतर काडतुसांची पिशवी, आणि पलंग म्हणजे काठ्यांवर ताणलेलं कापड.

याच तरुणाला फारसी आणि हिंदुस्थानी भाषा शिकायचा नाद लागला, आणि त्यानं त्याचं नशीब पालटलं. १७९२ मध्ये टिपू सुलतानाकडून बारामहाल, म्हणजे आजच्या धर्मपुरी-कृष्णगिरी-सेलमचा भाग, कंपनीकडे आला. तिथला महसूल बसवायला भाषा जाणणारी माणसं हवी होती. कॅप्टन रीडच्या हाताखाली मन्रो सात वर्षं तिथं राबला. मग काही काळ कानडा जिल्ह्यात, कारवार-मंगळूरच्या बाजूला. आणि १८०० मध्ये निजामानं कंपनीला दिलेल्या मोठ्या मुलखाचा तो मुख्य कलेक्टर झाला. बळ्ळारी, अनंतपूर, कडप्पा आणि कर्नूलचा काही भाग असा तो मुलूख. दिलेला म्हणून ‘दत्त मंडल’. आज त्याचाच बराचसा भाग रायलसीमा म्हणून ओळखला जातो.

गुत्तीच्या कड्यावर

पहाटे आम्ही गुत्तीला उतरलो. स्टेशनबाहेर नाश्त्याला मिळाली उग्गानी आणि मिरची भजी. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना हळद, मिरची, कांद्याची फोडणी. पहिला घास घेताच अप्पा हसले. "हा तर आपला सुशीला!" खरंच, सोलापूर-लातूरकडे जो सुशीला करतात तोच. फक्त वरून डाळ्याची भुकटी जास्त आणि तिखट दुप्पट.

माझ्या मुलाची तमिळ इथं चालेना. पण अप्पांची मोडकी तेलुगू धावून आली. सोलापुरात पद्मशाली विणकरांच्या शेजारात आयुष्य गेलेल्या माणसाला एवढी तेलुगू येतेच. रिक्षावाल्याला त्यांनी विचारलं, "मन्रो दोरा?" दोरा म्हणजे साहेब, धनी. रिक्षावाल्यानं डोंगराकडे बोट केलं.

गुत्तीचा किल्ला मराठी माणसानं एकदा तरी पाहायला हवा. सेनापती संताजी घोरपड्यांच्या घराण्यातले मुरारराव घोरपडे इथले धनी होते. १७५१ च्या आर्काटच्या वेढ्यात क्लाइव्ह अडकला, तेव्हा मुराररावांचे घोडेस्वार त्याच्या मदतीला निघाले होते. पुढं हैदर अलीनं गुत्तीला वेढा घातला. किल्ला अवघड, तो काही पडेना. शेवटी गडावरचं पाणी संपलं आणि १७७६ मध्ये गुत्ती हैदरकडे गेली. मुरारराव कैदेत गेले आणि कैदेतच वारले.

चढण चांगलीच दमवते. एकामागून एक दरवाजे, मध्ये दगडी वाट, दोन्ही बाजूंना तापलेले खडक. अप्पा दुसऱ्या दरवाज्यापाशी थांबले; मी आणि मुलगा वर गेलो. माथ्यावर कड्याच्या अगदी टोकाला एक छोटी बैठक आहे, तिला मुराररावांचं आसन म्हणतात. इथं बसून ते बुद्धिबळ खेळत, असं सांगतात. तिथून खाली पाहिलं की लाल-करडी सपाट जमीन, मधूनच एखादी टेकडी, आणि शेतांचे चौकोन. पाऊस कमी, दगड जास्त. या जमिनीतून महसूल काढायचा होता.

खाली पायथ्याशी युरोपियनांची जुनी दफनभूमी आहे. मन्रोला पहिल्यांदा पुरलं ते इथं. १८३१ मध्ये त्याचे अवशेष मद्रासच्या चर्चमध्ये नेले. अप्पा आमच्या आधीच तिथं पोहोचले होते आणि झाडाखाली बसून घाम पुसत होते.

३३ फुटांची साखळी

तिथंच मी त्यांना मन्रोची पद्धत वाचून दाखवली. खरं तर अर्धी त्यांनीच मला समजावली.

बंगालमध्ये कंपनीनं १७९३ मध्ये जमीनदारांशी कायमचा करार केला होता. शेतकऱ्यानं जमीनदाराला द्यायचं, जमीनदारानं कंपनीला. रीड आणि मन्रो यांचं म्हणणं वेगळं होतं. मध्ये कुणी नको. प्रत्येक शेत मोजा, त्याची प्रत लावा, कसणाऱ्याचं नाव वहीत लिहा आणि सरकारनं थेट त्याच्याशी हिशेब करावा. हीच रयतवारी. दत्त मंडलात मन्रोनं गावोगाव मोजणीदार पाठवले. गावचे रेड्डी आणि करणम, म्हणजे आपले पाटील-कुलकर्णी, यांना बरोबर घेऊन काही वर्षांत शेतन् शेत मोजून काढलं. तो स्वतः महिनोन् महिने तंबूत राहून घोड्यावरून फिरत असे. शेतकरी तंबूपाशी येऊन थेट गाऱ्हाणं सांगू शकत.

"मोजणीची साखळी ३३ फुटांची होती," मी वाचलं.

अप्पांनी हात वर केला. "थांब. ३३ फूट? अगं, ती आपली शंकू साखळी! ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. मी नोकरीभर तीच ओढली."

मुलानं मोबाइलवर गुणाकार केला. १,०८९ चौरस फूट, गुणिले ४०, बरोबर ४३,५६०. "आजोबा, बरोब्बर एक एकर!" अप्पांना मुलाचं कौतुक वाटलं, मुलाला आजोबांचं.

पण पुढचा आकडा वाचल्यावर अप्पा गप्प झाले. मन्रोच्या मोजणीनंतर बसवलेला सारा एकूण पिकाच्या सुमारे ४५ टक्क्यांवर जात होता. खर्च वजा करून नव्हे, एकूण पिकाच्या. शंभर पोती झाली तर पंचेचाळीस सरकारची. बियाणं, बैल, मजुरी उरलेल्यातून. मन्रोच्या सात वर्षांत या मुलखाची वसुली जवळजवळ दीडपट झाली. ऐंशीच्या आसपास पाळेगार, म्हणजे स्थानिक गढीवाले सरदार, होते. कंपनीचं सैन्य लावून त्यांचा जोर मोडला गेला. शेतकऱ्यांच्या गाऱ्हाण्यांना कान देणारा साहेब आणि हे सगळं करणारा साहेब एकच होता.

तरी एक गोष्ट त्याच्या बाजूनं नोंदवायला हवी. १८०७ मध्ये जिल्हा सोडताना त्यानं लिहून दिलं की हा सारा फार आहे, सरसकट चौथा हिस्सा कमी करा, म्हणजे शेतकऱ्याच्या हाती काही उरेल आणि जमिनीला किंमत येईल. वरच्यांनी ते मानलं नाही. उलट रयतवारी बाजूला ठेवून गावंच्या गावं ठेक्यानं दिली. १८२० मध्ये मन्रो स्वतः गव्हर्नर झाला, तेव्हा कुठं ती चौथ्या हिश्श्याची सूट लागू झाली. मधली तेरा वर्षं गेली ती गेलीच.

"तेरा वर्षं," अप्पा म्हणाले. "फाइल वरच्या टेबलावर. माणूस चांगला असून भागत नाही पोरी, टेबल त्याचं असावं लागतं."

शाल आणि शाळा

गुत्तीहून पत्तीकोंड्याला जाताना वाटेत एर्रगुडी लागतं. रस्त्यापासून थोडं आत, खडकांवर सम्राट अशोकाचे शिलालेख आहेत, ब्राह्मी लिपीतले. आईवडिलांचं ऐका, वडीलधाऱ्यांचा मान ठेवा, असा उपदेश त्यात आहे. मी तो मुलाला मुद्दाम सांगितला. त्यानं तो मुद्दाम ऐकला नाही. शेतांतून माणसं खाली मान घालून फिरताना दिसली. काही हरवलं असावं असं वाटलं. रिक्षावाल्यानं सांगितलं, हिरे शोधताहेत. या भागात पहिल्या पावसानंतर मातीतून कधी कधी खरंच हिरा वर येतो, म्हणून लांबून लांबून लोक येतात.

त्या प्रवासात मी मन्रोच्या आयुष्याचा मधला भाग सांगून टाकला. १८०७ नंतर तो काही वर्षं मायदेशी होता. १८१३ मध्ये ब्रिटिश संसदेसमोर त्याची साक्ष झाली. हिंदुस्थानात विलायती माल खपेल का, असा व्यापाऱ्यांचा प्रश्न होता. मन्रोनं सांगितलं की आपण एक हिंदुस्थानी शाल सात वर्षं वापरतो आहोत आणि ती अजून जवळपास नव्यासारखी आहे. विलायती शाल कुणी फुकट दिली तरी वापरणार नाही. आणि सुसंस्कृतपणाचा व्यापार करायचा झाला तर हिंदुस्थानातून आयात करण्यात इंग्लंडचाच फायदा होईल, असंही तो म्हणाला.

गव्हर्नर झाल्यावर १८२२ मध्ये त्यानं जिल्ह्याजिल्ह्यांतून शाळांची माहिती मागवली. मद्रास इलाख्यात १२,४९८ शाळा निघाल्या, लोकसंख्या होती १,२८,५०,९४१. म्हणजे साधारण हजार माणसांमागे एक शाळा, तीही गावकऱ्यांनी स्वतःच्या बळावर चालवलेली. हा आकडा पाहून त्यानं लिहिलं नाही की ‘इथं अडाणीपणा आहे’. उलट युरोपातल्या बहुतेक देशांची काही काळापूर्वीची स्थिती यापेक्षा बरी नव्हती, असं त्याचं मत पडलं. १८२४ च्या शेवटच्या दिवशी लिहिलेल्या लांबलचक टिपणात त्यानं मांडलं की इथल्या लोकांना मोठ्या पदांपासून दूर ठेवणं हाच त्यांचा अपमान आहे, आणि एक दिवस त्यांनी आपला कारभार आपण करावा, हेच या राज्याचं ध्येय असायला हवं.

"म्हणजे तो आपल्या बाजूचा होता?" मुलानं विचारलं.

मी सांगितलं, त्याच माणसानं हिंदुस्थानात वर्तमानपत्रांना स्वातंत्र्य द्यायला विरोध केला. परकी राज्य आणि मोकळी वर्तमानपत्रं एकत्र फार काळ नांदू शकत नाहीत, असं त्याला वाटे. आपण कुणाच्या घरात बसलो आहोत हे त्याला पक्कं कळत होतं.

पत्तीकोंड्यातला चहा

पत्तीकोंडा हे कर्नूल जिल्ह्यातलं टोमॅटोच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं गाव. १८२७ मध्ये मन्रोची मुदत संपत आली होती. बायको आजारी मुलाला घेऊन आधीच विलायतेला गेली होती. नवा गव्हर्नर यायचा होता. जाण्यापूर्वी आपला जुना मुलूख एकदा पाहावा म्हणून तो दत्त मंडलात निघाला. त्या भागात पटकीची साथ होती. गुत्तीहून पत्तीकोंड्याला मुक्काम पडला आणि ६ जुलै १८२७ ला तिथंच एका दिवसात पटकीनं तो गेला. घरी परतायच्या तयारीत असलेला सहासष्ट वर्षांचा माणूस. त्याच्या आठवणीसाठी पत्तीकोंड्यात दगडी पायऱ्यांची विहीर बांधली गेली आणि चिंचेची झाडं लावली गेली.

चहाच्या टपरीवर बसलो होतो. मी सहज म्हटलं, "अप्पा, इकडे लोक मुलांची नावं मन्रोलप्पा ठेवत असत म्हणे. आणि तिरुपतीच्या देवळात नैवेद्याचं एक मोठं भांडं आहे, त्याला मन्रो गंगाळम म्हणतात. त्यानंच ते दिलं, असं सांगतात."

अप्पा बराच वेळ चहाचा ग्लास हातात धरून बसले. मग म्हणाले, "साहेबानं देवाला भांडं दिलं. मी एकाचं उचलून आणलं होतं."

ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. माझ्या आईनंही ऐकली नसावी.

नोकरीचं दुसरं-तिसरं वर्ष. सलग दुष्काळातून गाव नुकतं सावरत होतं. तगाईची थकबाकी वसूल करा, म्हणून वरून रोज तगादा. एका विधवा म्हातारीकडे थोडी रक्कम होती. द्यायला काही नव्हतं. जप्तीचा कागद घेऊन अप्पा कोतवालाबरोबर गेले आणि घरातला तांब्याचा हंडा चावडीवर आणून ठेवला. आठवड्यानं म्हातारीनं कुठून तरी पैसे आणून भरले, हंडा नेला. पावती घेतली, नमस्कारही केला.

"नियमानं सगळं बरोबर होतं," अप्पा म्हणाले. "पण तो आठवडाभर ती पाणी कशात भरत होती, हे मी विचारलं नाही. पन्नास वर्षं झाली. अजून विचारलेलं नाही."

मुलानं आजोबांच्या हातातला थंड झालेला ग्लास काढून घेतला आणि दुसरा चहा सांगितला. मला काही बोलता येईना.

नंतर मी त्यांना सांगितलं की मन्रोच्या मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षांनी, १८५५ मध्ये, मद्रास इलाख्यात एक चौकशी आयोग काम करत होता. सारा वसूल करताना शेतकऱ्यांचा छळ होतो का, हे तपासायला. होतो, असं त्यानं नोंदवलं. उन्हात उभं करणं, मारहाण, बोटं चिमट्यात धरणं. हे करणारे गोरे गव्हर्नर नव्हते. खालचे, आपलेच लोक होते.

"मग?" अप्पा म्हणाले. "आकडा वर ठरतो. तो वसूल करायला दारात खालचाच माणूस उभा राहतो. तुझ्या मन्रोनं नाव वहीत लिहिलं ते चांगलं केलं. नाव लिहिलं म्हणून जमीन माझी, असं शेतकरी म्हणू शकला. पण नाव लिहिलं म्हणूनच थकबाकीही त्याच्याच दारात आली. दोन्ही एकाच ओळीत."

जोडे काढून आत

पुढचा मुक्काम मंत्रालयम. तुंगभद्रेच्या काठचं श्री राघवेंद्र स्वामींचं वृंदावन सोलापूर, लातूर, कोल्हापूरकडच्या अनेक कुटुंबांना घरच्यासारखं आहे. १६७१ मध्ये स्वामींनी इथं वृंदावनात प्रवेश केला. मठाला गाव इनाम होतं. कंपनी सरकारच्या काळात ते काढून घ्यायचं ठरलं आणि चौकशीला कलेक्टर मन्रो आला, अशी इथली कथा आहे. त्यानं जोडे आणि टोपी काढली, आत गेला, वृंदावनासमोर उभा राहून बराच वेळ कुणाशी तरी बोलला. इतरांना कुणी दिसलं नाही. बाहेर आल्यावर तो म्हणाला, तुमचे स्वामी मला भेटले, त्यांनी सगळा खुलासा केला. त्याला मंत्राक्षता मिळाल्या आणि मठाचं गाव मठाकडेच राहिलं.

श्रद्धा ज्याची त्याची. मला त्या कथेत एक तपशील धरून ठेवावासा वाटला: साहेबानं जोडे काढले. ज्याच्या हातात कागद आहे, तो दुसऱ्याच्या उंबऱ्याशी कसा उभा राहतो, हे लोक दोनशे वर्षं लक्षात ठेवतात.

अप्पा दर्शन घेऊन आले आणि हातातल्या मंत्राक्षता त्यांनी रुमालाच्या टोकाला बांधल्या.

सोलापूर

मंत्रालयम रोड स्टेशनवरून गाडी पकडली. रायचूर, वाडी, कलबुर्गी आणि मग सोलापूर. घर आलं, पण मन्रो काही सुटला नाही. १८१८ च्या मे महिन्यात तो याच गावात होता, सेनापती म्हणून. दुसऱ्या बाजीरावाविरुद्धच्या युद्धात त्याच्याकडे रीतसर पलटण थोडी होती. तरी त्यानं बदामी, बेळगाव आणि शेवटी सोलापूर घेतलं. जिंकण्याआधीच तो गावोगाव आपले अंमलदार पाठवून महसुलाचा ताबा घेई. बाजीरावाच्या मक्तेदारांना कंटाळलेली रयत फारसा विरोध करणार नाही, हे त्यानं ओळखलं होतं. सिद्धेश्वर तलावाकाठच्या भुईकोट किल्ल्यात आपण मुलांना फिरायला नेतो, तिथं पेशव्यांच्या पायदळाची ती अखेरची मोठी लढाई झाली.

आणि त्याच्या मागोमाग त्याची वहीही आली. मुंबई इलाख्यात पुण्याच्या बाजूला प्रिंगलनं केलेली पहिली मोजणी फसली. सारा इतका चढा की लोक जमिनी सोडून गेले. मग १८३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासून नव्यानं सुरुवात केली. सारा रोखीत, ठरल्या तारखेला. पीक बुडालं की सावकाराकडे जायचं. १८७५ मध्ये सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यामागे हीच गाठ होती. आज आपण मोबाइलवर सातबारा काढतो, त्यात गट नंबर, क्षेत्र, खातेदाराचं नाव आणि आकारणी असते. त्या रकान्यांचं मूळ रयतवारीत आहे.

घरी पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी अप्पांनी मला जुन्या गावी चलतेस का विचारलं, जिथं त्यांची पहिली नेमणूक होती. गेलो. चावडीच्या जागी आता नवी इमारत आहे. म्हातारी केव्हाच गेली. तिचा नातू भेटला, पन्नाशीचा. शेत अजून त्यांच्याकडेच आहे. अप्पांनी त्याला सांगितलं, मी इथं तलाठी होतो, तुमच्या आजीची चूक केली होती. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. तो गोंधळून म्हणाला, "असू द्या की साहेब, चहा घ्या."

अप्पांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि आत गेले. आतून मला त्यांचा आवाज ऐकू आला, "आजी पाणी कुठनं आणायच्या हो, त्या वेळी?"

तुम्हाला जायचं असेल तर

चेन्नईत मन्रोचा पुतळा रस्त्यावरूनच दिसतो. गर्दी टाळायला रविवारी सकाळी जा. सेंट जॉर्ज किल्ल्यासाठी ओळखपत्र सोबत ठेवा. मुंबई-चेन्नई मार्गावरची प्रत्येक गाडी गुत्तीला थांबत नाही, म्हणून तिकीट काढताना पाहा. नाहीतर गुंतकल जंक्शनला उतरून बसनं जाता येतं. गुत्तीचा किल्ला सकाळी लवकर चढावा, पाणी भरपूर घ्यावं. वयस्करांनी खालच्या दरवाज्यांपर्यंत जाऊन परतलं तरी चालेल. एर्रगुडीचे शिलालेख आणि पत्तीकोंडा एका दिवसात होतात. मंत्रालयमसाठी मंत्रालयम रोड स्टेशनवरून बस आणि रिक्षा मिळतात. फिरायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. आणि गुत्ती-कर्नूलकडे उग्गानी खाल्ल्याशिवाय येऊ नका.